‘रेघोट्या’ ओढणाऱ्याचं उत्तर

मागच्या लेखावर ‘जुना खेळाडू’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिथेच खाली दोन ओळी लिहून विषय संपवणार होतो, पण लिहिता लिहिता लांबलं म्हणून वेगळं टाकतो आहे.

लेख गोल्फच्या चेंडूवर रेघ मारायच्या एका छोट्या यंत्राबद्दल होता. तळहातावर मावतं, बॅटरीवर चालतं. वाटीत चेंडू ठेवून बटण दाबलं की तो गरगर फिरतो, त्याची जड बाजू हळूहळू बाहेरच्या कडेला येते, डगमग थांबते. मग खाचेतून मार्कर टेकवायचा, की चेंडूच्या पोटाभोवती एक स्वच्छ कडं उमटतं. मी लिहिलं होतं की पटिंगपेक्षा (म्हणजे होलकडे चेंडू हलकेच घरंगळवण्यापेक्षा) स्विंगच्या, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) फिरवून मारायच्या फटक्याच्या, सरावात मला याचा जास्त उपयोग झाला.

त्यावर यांचं म्हणणं असं: “साहेब, ज्यांचा स्विंग बसत नाही तेच चेंडूवर रेघोट्या ओढत बसतात. आजचे चेंडू कारखान्यातूनच समतोल येतात, फिरवून काय मिळणार? रेघच हवी तर बाटलीचं झाकण आणि पेन पुरे. यामुळे तुमचा हँडिकॅप किती उतरला ते लेखात कुठेच नाही. की मार्केटिंग सुरू केलंय?” (हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कौशल्याचा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला.)

आधी त्या ‘साहेब’बद्दल. साहेब म्हणायचं आणि त्याच दमात टपली मारायची, ही रीत मला नवी नाही. उभा जन्म पुण्यात गेलाय. पण मग स्वतःच्या नावाने तरी मारा. ‘जुना खेळाडू’ असं टोपणनाव घेतलं की समोरच्याने अनुभव आपोआप मान्य करायचा, अशी सोय दिसते. आणि ‘रेघोट्या’ हा शब्द बालवाडीतल्या पोरांसाठी वापरतात. माझं वय तुम्हाला माहीत नसेल, पण लेखाखाली इतर लोक मला काका म्हणताहेत, तेवढं तरी दिसलं असेल.

झाकणाचं मान्य. म्हणजे पाण्याच्या बाटलीचं झाकण नव्हे, ते लहान पडतं. चेंडूचा व्यास नियमाने किमान 42.67 मिलिमीटर असतो. बाटलीच्या झाकणाने डोक्यावर टिळ्यासारखं वर्तुळ निघेल, पोटाभोवतीचं कडं नाही. पण बेताच्या मापाची रिंग किंवा साधी प्लॅस्टिकची क्लिप मिळाली तर नुसती रेघ मारायला मोटर लागत नाही, हे खरं आहे. घ्या, एक मुद्दा तुमचा.

आता ते वाक्य. “ज्यांचा स्विंग बसत नाही तेच.” बसत नाही हे तुम्हाला कळतं कशावरून? चेंडू कुठे गेला यावरून. आणि चेंडू उजवीकडे गेला की रेंजवरचे, म्हणजे सरावाच्या मैदानावरचे, निम्मे लोक सांगतात डोकं उचललं, उरलेले सांगतात कंबर फिरली नाही. एका कोचला मी रीतसर पैसे मोजले. त्याने पूर्ण तासभर ‘डोकं खाली ठेवा’ एवढंच सांगितलं. घड्याळ बघत.

मी आयुष्य काढलं भोसरीच्या एका टूलरूममध्ये. तिथे दोन पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसतात का, हे कोणी नजरेने सांगितलं तर उस्ताद त्याला हाकलून द्यायचे. एका भागावर ब्लूचा, म्हणजे खुणेच्या निळ्या रंगाचा, पातळ थर लावायचा, दुसरा त्यावर टेकवून हलकेच सरकवायचा, उचलायचा. जिथे टेकलं तिथे निळं. डोळ्याला आरशासारखा दिसणारा तुकडा प्रत्यक्षात तीन-चार ठिपक्यांवर उभा असायचा. मग स्क्रॅपर घ्यायचा आणि निळं तेवढंच खरवडायचं. तेव्हा अनुभवी माणसालाही ब्लू लागायचा, आणि त्याचं त्याला काही वाटायचं नाही.

चेंडूवरची रेघ मी नेमकी याच कामाला वापरतो, आणि हे लेखात लिहिलं होतं. तुम्ही तिथवर पोचला नसाल. यंत्राने मारलेलं कडं पक्क्या शाईचं असतं. त्यावरून व्हाइटबोर्डच्या मार्करने पुन्हा एक जाड रेघ ओढायची, कारण पक्की शाई क्लबवर उतरत नाही, ही उतरते. गच्चीवरच्या नेटसमोर मॅटवर चेंडू असा ठेवायचा की रेघ उभी राहील आणि क्लबच्या बाजूला येईल. मारायचं. मग चेंडूकडे बघायचंच नाही, 7 नंबर आयर्नचा (लोखंडी क्लबचा) चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, वर करून बघायचा. शाई हीलजवळ, म्हणजे दांड्याकडच्या बाजूला, असेल तर तिथेच लागलाय. क्लब जमिनीवर सपाट टेकवल्यावर रेघेचा वरचा शेंडा ‘टो’कडे, म्हणजे क्लबच्या बाहेरच्या टोकाकडे, कलला असेल तर फटक्याच्या क्षणी क्लबचं ते टोक वर उचललेलं होतं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू मग डावीकडे ओढला जातो. हीलकडे कलली तर उलट. क्लब फिटिंग करणारे, म्हणजे खेळाडूच्या मापाने क्लब जुळवून देणारे, हेच करून लाय अँगल (दांड्याचा जमिनीशी कोन) ठरवतात. माझी रेघ हीलकडे निघाली, जेव्हा मी शपथेवर सांगितलं असतं की ‘टो’कडे लागतोय. कोचच्या तासभरात जे कळलं नाही ते एका फटक्यात क्लबच्या चेहऱ्यावर छापून आलं. याला तुम्ही रेघोटी म्हणा.

पटिंगमध्येही तेच. रेघ डुगडुगत गेली तर फटका तिरका लागलाय, सरळ घरंगळली तर ठीक. 10 फुटांवर पटरचा (पटिंगच्या क्लबचा) चेहरा 1 अंश उघडा राहिला तर चेंडू साधारण 2 इंच बाजूला जातो, आणि होलच मुळात 4.25 इंचांचं. हा 1 अंश तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी दिसत असेल तर तुम्ही खरोखरच जुने खेळाडू आहात.

आणि ‘बसत नाही तेच’ म्हणताना जरा इकडेतिकडे बघायचं होतं. कॅलवे या गोल्फ कंपनीने 2019 साली ईआरसी सॉफ्ट हा चेंडू छापील तीन रेघांसकट बाजारात आणला. तो काय फक्त आम्हा अडाण्यांसाठी? अमेरिकन गोल्फर ब्रायसन डिशँबो चेंडू एप्सम सॉल्टच्या पाण्यात तरंगवून जड बाजू शोधतो. दोन यूएस ओपन जिंकलाय तो, 2020 आणि 2024. चेंडू समतोलच येतात हे कृपया त्याला कळवा. मला कळवून उपयोग नाही.

(दुसऱ्या एका वाचकाने सभ्यपणे विचारलं होतं म्हणून सांगतो: रेघ मारलेला चेंडू सामन्यात चालतो. टीवर, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागी, रेघ हवी तशी लावा. ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) जागेची खूण म्हणून मार्कर ठेवून उचललात तर परत ठेवतानाही लावा. फेअरवेवर, म्हणजे मधल्या गवताच्या पट्ट्यावर, मात्र रेघ नीट करायला हात लावायचा नाही, आहे तसा खेळायचा.)

हँडिकॅपचा आकडा देणार नाही. लेख यंत्राबद्दल होता, माझ्या कुंडलीबद्दल नव्हता.

राहिलं मार्केटिंग. यंत्र पदरच्या पैशांनी घेतलंय, बिल घरात आहे, लेखात विकत घ्यायची लिंकसुद्धा दिलेली नाही. तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, आहे तशी राहील. फक्त तिच्याखाली ज्यांनी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावलीय, त्यांनी आधी लेख पूर्ण वाचावा.