‘ज्यूंचा देव फक्त शिक्षा देतो’ म्हणे! त्या फॉरवर्डमधलं एकेक वाक्य घेऊ

एक मेसेज सध्या बराच फिरतोय, कुठे इतिहास म्हणून कुठे अध्यात्म म्हणून, मजकूर तोच. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ज्यूंचा देव रागीट आणि सूड घेणारा, दया ही नंतरच्या धर्मांनी आणली. जेरुसलेमचं मंदिर पडलं तेव्हा देवाने त्यांना टाकून दिलं. तेव्हापासून त्यांची प्रार्थना म्हणजे भिंतीला डोकं टेकून रडणं, देवाला उलट विचारायची सोय नाही. आणि शेवटी, दोन हजार वर्षं त्यांनी जे भोगलं, अगदी हिटलरपर्यंत, ते त्यांच्याच पापाचं फळ, आणि असं त्यांचेच ग्रंथ सांगतात. खाली हात जोडलेले इमोजी.

मी काही रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, नाही, पण यातलं बरंचसं त्यांच्याच ग्रंथांत बघून तपासता येतं, म्हणून लिहितोय.

‘रागीट देव, दया नंतर आली’

रागाच्या गोष्टी आहेत की, भरपूर आहेत, कोण नाही म्हणतंय. पण ज्यू बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात, म्हणजे लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजल्याची भानगड होऊन देव खरंच भडकलेला असताना, तोच देव त्यांचा पुढारी मोशे याच्यासमोरून जाताना स्वतःची ओळख काय करून देतो? दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, करुणेने भरलेला. त्याच वाक्यात पुढे वडिलांच्या अपराधाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेईन असंही आहे, आणि फॉरवर्डवाले नेमकं तेवढंच उचलतात. पण त्याच्या अलीकडे ‘हजारो पिढ्यांवर दया’ आहे, हिशोब तुम्हीच करा. ज्यू परंपरेने या ओळींतून दयेचे तेरा गुण काढले आणि ते आजही योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आधीच्या दिवसांत सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनास्थळात, पुन्हा पुन्हा म्हणतात. तालमूदमध्ये, म्हणजे जुन्या रब्बींच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथात, रब्बी योहानान तर म्हणतात की देवाने स्वतः प्रार्थना सांगणाऱ्यासारखी शाल अंगावर घेतली आणि मोशेला शिकवलं की माझ्या लोकांनी पाप केलं तर माझ्यापुढे असं म्हणायचं. देवच शिकवतोय माझ्याकडून माफी कशी मागायची ते, याला सूड म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

योम किप्पूर हा वर्षातला सगळ्यात कडक दिवस, २५ तास अन्न नाही पाणी नाही. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएल लोक, पूर्वी याला दारफाळणीचा सण म्हणायचे, दारं लावून दिवसभर घरात बसायचे. त्या दिवशी दुपारी सिनेगॉगमध्ये वाचतात काय, तर योनाचं पुस्तक. देवाने निनवे शहराला इशारा द्यायला पाठवलेला योना तिकडे जायचं सोडून उलट्या दिशेला का पळाला? भीतीने नाही. चौथ्या अध्यायात तो स्वतःच तोंडाने सांगतो: मला माहीत होतं तू दयाळू आहेस, तू त्यांना सोडून देणार, म्हणून पळालो. आणि निनवे हे कोणाचं शहर? अश्शूरांचं, ज्यांनी इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य संपवलं. त्या शत्रूंच्या शहराबद्दल देव म्हणतो की एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत तिथे, ज्यांना उजवं-डावं कळत नाही, शिवाय गुरंढोरं, मी त्यांची कीव करू नये का? पुस्तक तिथेच संपतं, प्रश्नावर. गुरांचीसुद्धा काळजी करणारा हा ‘सूड घेणारा’ देव.

तालमूदमध्ये आणखी एक जागा आहे तिथे विचारलंय, देव प्रार्थना करतो का, आणि उत्तर ‘हो’ आहे. काय मागतो? माझी दया माझ्या रागावर मात करो. बस.

‘मंदिर पडलं, देव सोडून गेला’

मंदिर दोनदा पडलं, इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलवाल्यांनी आणि इ.स. ७० मध्ये रोमनांनी पाडलं. देवाने सोडलं का हा प्रश्न ज्यूंना पडलाच नाही असं नाही, उलट त्यांनीच तो सगळ्यात जोरात विचारलाय. विलापगीत हे अख्खं पुस्तक त्याचंच. तिशा बआवच्या रात्री, म्हणजे मंदिर पडल्याच्या सुतकाच्या दिवशी, जमिनीवर किंवा बुटक्या स्टुलावर बसून मंद उजेडात ते वाचतात. त्याची शेवटची ओळ भयंकर आहे, तू आम्हाला अगदीच टाकलंस आणि आमच्यावर फार रागावलास अशा अर्थाची. मग करतात काय, ती वाचून थांबत नाहीत, तिच्या आधीची ओळ, ‘आम्हाला तुझ्याकडे परत घे’ ही पुन्हा मोठ्याने म्हणतात आणि तिथे संपवतात. वाईट ओळ खोडली नाही, लपवली नाही, फक्त तिला शेवटचा शब्द होऊ दिला नाही.

आणि ‘सोडून गेला’ला सरळ उत्तर द्यायचं तर रब्बी शिमोन बार योहाय यांचं वचन आहे, तालमूदमधलंच: इस्राएल जिथे जिथे निर्वासित झाले तिथे देवाचं सान्निध्य, ज्याला ते शखीना म्हणतात, त्यांच्याबरोबर गेलं. मिसरला गेले, बरोबर गेली. बाबेलला गेले, बरोबर गेली. म्हणजे हद्दपारी झाली ती देवाचीपण. दुसऱ्या एका गोष्टीत रब्बी योसे जेरुसलेमच्या एका पडक्या वास्तूत प्रार्थनेला शिरतात तर आत पारव्यासारखा घुमणारा आवाज ऐकू येतो, माझ्या लेकरांच्या पापांमुळे मी माझं घर पाडलं आणि त्यांना परक्यांत पांगवलं, असं म्हणून हळहळणारा. शिक्षा करणाराच पडक्या घरात बसून रडतोय. याच्यावर लोकांनी शतकानुशतकं डोकं खपवलंय, आणि फॉरवर्डमध्ये चार शब्दांत निकाल!

व्यवहारात काय झालं तेही बघा. मंदिर गेलं म्हणजे बळी गेले, म्हणजे पापक्षालनाचा रस्ताच बंद. रब्बी यहोशुआ ते भग्नावशेष बघून हाय खातात, तर त्यांचे गुरू रब्बान योहानान बेन झक्काय म्हणतात, बाळा दुःख करू नको, तितकंच दमदार दुसरं साधन आहे आपल्याकडे, लोकांवर दया करणं. आधाराला होशेय संदेष्ट्याचं वाक्य देतात, मला बळी नको, दया हवी. याच योहानाननी याव्ने नावाच्या गावी पुन्हा घडी बसवली आणि मंदिरातल्या रोजच्या बळींची जागा रोजच्या ठरलेल्या प्रार्थनांनी घेतली, सकाळ, दुपार, संध्याकाळ.

‘प्रार्थना म्हणजे रडगाणं, देवाला प्रश्न विचारायचा नाही’

पहिलं अर्धं पटकन संपवतो. शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, मुख्य प्रार्थनेतून मागण्याच गाळतात, हे दे ते दे काही नाही, सुतक असलं तरी त्या दिवशी चारचौघांत दाखवत नाहीत. घरात कोणी गेलं की जो कद्दीश म्हणतात त्यात मृत्यूचा शब्दसुद्धा नाही, सगळी देवाची थोरवी, आणि तो एकट्याने म्हणता येत नाही, दहा जण जमावे लागतात. म्हणजे ज्याच्या घरात दुःख त्याला माणसांत यावंच लागतं. ही सोय कोणी केली असेल त्याला माणसं कळत होती.

राहिलं प्रश्न विचारणं. देव सदोम हे पापी शहर नष्ट करायला निघतो तेव्हा ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम, इतके सज्जन सापडले तर सोडशील का, अशी पन्नासापासून दहापर्यंत घासाघीस करतो आणि वर ऐकवतो, सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश न्याय करणार नाही का? ४४व्या स्तोत्रात सरळ ‘जागा हो, का झोपलास?’ असं आहे. मिश्नामधला, म्हणजे तालमूदच्या मूळ गाभ्यातला होनी, दुष्काळात जमिनीवर वर्तुळ काढून आत उभा राहतो, तुझ्या लेकरांवर दया करेपर्यंत हलणार नाही. नुसती भुरभुर येते, तर म्हणतो ही नको. मग धो धो, तर हीसुद्धा नको, नीट पड. शेवटी नीट पडतो! तेव्हाचे मोठे पंडित शिमोन बेन शताह त्याच्यावर वैतागतात पण म्हणतात, काय करू, तू लाडक्या पोरासारखा देवाकडे हट्ट करतोस आणि तो पुरवतो. अठराव्या शतकात बर्दिचेवचे रब्बी लेवी यित्झाक तर देवावर खटला भरणारे म्हणूनच प्रसिद्ध. विठोबाला शिव्या घालणारी जनाबाई ज्यांना माहितीये त्यांना हे कळायला इतकं जड का जावं हेच मला समजत नाही.

आणि हे काही लांबचं नाही हो. मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग, १७९६ चं, सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेलं, मशीद बंदरच्या बाजूला आहे, आजूबाजूचे त्याला जुनी मशीद म्हणतात. त्याचं खरं नाव शार हारहमीम, दयेचं दार. पुण्यात १८७४ मध्ये वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासकट छापली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बेने इस्राएल मंडळी योसेफ-अब्राहामच्या कथांवर मराठीत कीर्तनं करत होती. विचारायला माणसं, वाचायला मजकूर, सगळं आपल्याच भाषेत होतं.

‘सगळं पापाचं फळ, त्यांचेच ग्रंथ सांगतात’

हा मुद्दा सगळ्यात वाईट, कारण यात अर्धं खरं आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात शापांची लांबलचक यादी आहे. सणांच्या प्रार्थनेत ‘आमच्या पापांमुळे आम्ही आमच्या देशातून हद्दपार झालो’ हे वाक्य आजही म्हणतात. दुसरं मंदिर का पडलं तर लोक विनाकारण एकमेकांचा द्वेष करत होते म्हणून, असं तालमूद म्हणतं. पण हे सगळं ‘आम्ही’ आहे. स्वतःकडे बोट आहे. दुसऱ्याच्या दुखण्याकडे बोट दाखवायला याच परंपरेने स्पष्ट मनाई केलीये: आजारी माणसाला किंवा ज्याची पोरं गेली त्याला ईयोबाच्या, म्हणजे बायबलमधल्या दोष नसताना सगळं गमावलेल्या माणसाच्या, मित्रांसारखं बोलायचं नाही. ते मित्र काय बोलले होते? निर्दोष माणसाचा कधी नाश झालाय का, म्हणजेच फॉरवर्डमधलंच वाक्य. आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो की तुम्ही माझ्याबद्दल बरोबर बोलला नाहीत, ईयोब बोलला. जो अख्खं पुस्तकभर तक्रार करत होता तो!

तालमूदमध्ये रब्बी अम्मी म्हणाले होते, पापाशिवाय मरण नाही, अपराधाशिवाय यातना नाही. वाक्य सुटं काढलं तर फॉरवर्डवाल्यांचा विजय. पण तालमूद असं वाचत नाहीत, पुढे चर्चा चालते आणि शेवटी निकाल लागतो की पापाशिवाय मरण आहे, अपराधाशिवाय यातनाही आहेत, अम्मींचं मत खोडलं गेलं. आणि मिश्नात रब्बी यन्नाय तर हातच टेकतात, दुष्टांचं सुख आणि सज्जनांचं दुःख, दोन्हींचा उलगडा आपल्या हातात नाही.

तालमूदच्या बराखोत नावाच्या भागात एक जागा आहे ती मला सगळ्यात जास्त पटते. आधी थिअरी आहे: यातना आल्या तर आपली कर्मं तपास, काही सापडलं नाही तर समज की त्या देवाने प्रेमापोटी दिल्यात. छान, प्रवचनाला बरं. पुढे लगेच गोष्टी येतात, तिसऱ्या शतकातल्या गालीलमधल्या. रब्बी एलाझार आजारी, अंधाऱ्या खोलीत पडलेले. रब्बी योहानान (शालीच्या गोष्टीतले, याव्नेवाले नव्हे) भेटायला येतात, ते इतके देखणे की बाही वर केली तर खोलीत उजेड पडतो. बघतात तर एलाझार रडतायत. का रडतोस, अभ्यास कमी झाला म्हणून? पैसा नाही म्हणून? मुलं नाहीत म्हणून? हे बघ माझ्या दहाव्या मुलाचं हाड. दहा मुलं पुरलेला बाप बोलतोय हे. एलाझार म्हणतात, नाही, हे तुझं सौंदर्य मातीत कुजणार म्हणून रडतोय. योहानान म्हणतात, याच्यासाठी रडणं बरोबर आहे. आणि दोघं रडतात. मग विचारतात, तुला या यातना प्रिय आहेत का? उत्तर: यातनाही नकोत आणि त्यांचं बक्षीसही नको. योहानान म्हणतात, हात दे. एलाझारनी हात दिला, योहानाननी त्यांना उठवलं.

थिअरी तिथल्या तिथे आजारी माणसानेच नाकारली, आणि कोणी त्याला पाखंडी म्हटलं नाही.

आता हिटलर. होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, ही शिक्षा होती असं म्हणणारे रब्बी झाले, खोटं कशाला बोलू, आणि त्यांच्यावर बाकीच्या ज्यूंनी कडाडून टीका केली. पण प्रत्यक्ष त्या आगीत उभा असलेला माणूस काय म्हणत होता ते बघायचं तर पियासेच्नोचे रब्बी कलोनिमुस काल्मन शापिरा यांची वॉर्सा घेट्टोतली, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतली, प्रवचनं आहेत. सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्यांत त्यांचा मुलगा आणि सून गेले. तरी ते घेट्टोत १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत बोलत राहिले. १९४२ मध्ये ते तालमूदमधलीच एक कल्पना घेतात, देव आतल्या खोलीत एकटा रडतो, आणि म्हणतात की माणूस अभ्यास करत तिथे शिरला तर देवाबरोबर रडू शकतो आणि त्यातून त्याला पुढे जगायचं बळ मिळतं. ‘तुमच्या पापामुळे’ एवढ्यावर हा माणूस लोकांना घरी पाठवत नव्हता.

आधीच्या एका प्रवचनात मात्र त्यांनी म्हटलं होतं की अशी संकटं आपल्यावर पूर्वीही आलीयत, मग आत्ताच श्रद्धा का डळमळावी. १९४२ च्या शेवटी, घेट्टोतली बहुतेक माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेऊन मारल्यावर, त्यांनी त्याच मजकुराला एक टीप जोडली: हे ज्यू वर्ष ५७०२ च्या (१९४१-४२) मध्यापर्यंत खरं होतं, पण आता जे झालं तसं पूर्वी कधीच झालं नव्हतं. कागद जमिनीत पुरले गेले, युद्धानंतर सापडले, १९६० मध्ये छापले गेले. त्यांना स्वतःला नाझींनी १९४३ मध्ये मारलं. ज्याच्याकडे स्पष्टीकरण द्यायचा सगळ्यात जास्त हक्क होता त्याने स्वतःचं स्पष्टीकरण मागे घेतलं, आणि इथे लोक नाश्ता करता करता ‘कर्माचं फळ’ फॉरवर्ड करतायत.