‘अचानक’ कुठे?

क्रिस्टीन मॅन्गनची ‘टँजरीन’ ही कादंबरी निम्म्यावर मैत्रीची गोष्ट सोडून अचानक थ्रिलर होते आणि वाचकाची फसगत होते, हे तिच्यावरच्या परीक्षण-लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. अहो, सुरुवातीच्या दोन पानांतच तर पाण्यातून प्रेत ओढून काढतात! पुढे ॲलिस आणि ल्युसी आळीपाळीने आपापली बाजू सांगतात, ती एकमेकींशी जुळत नाही. ॲलिसची कॉलेजातली रूममेट ल्युसी न कळवता थेट मोरोक्कोतल्या टँजिअर शहरात तिच्या दारात उभी राहते, वर तिथल्या अनोळखी माणसाला स्वतःचं नाव ‘ॲलिस’ सांगते. आणखी काय पाटी लावायला हवी होती?

माझी होस्टेलची मैत्रीण बऱ्याच वर्षांनी भेटली, तेव्हा तिने शेवटची एसटी चुकल्याचा किस्सा रंगवून सांगितला. स्टँडच्या बाकड्यावर काढलेली रात्र, कंट्रोलरने पाजलेला चहा, सगळं. किस्सा माझा होता, ती तेव्हा गावी होती. मी हसले खरी, पण पोटात गोळाच आला. जुनी मैत्री उकरताना आठवणींवर हक्क कुणाचा हा झगडा येतोच. लेखिकेने तो गुन्ह्यापर्यंत ताणला, इतकंच.

माझी तक्रार वेगळी आहे. १९५६ साल, मोरोक्को स्वतंत्र होतोय, आणि तिथली माणसं मात्र बरीचशी नेपथ्यापुरती. युसुफसारखं स्थानिक पात्र हाताशी असूनही! त्याबद्दल लेखात चकार शब्द नाही.