गाडी उचलणाऱ्या शूरवीरांसाठी

राजेहो, घरच्या घरी गाडी उचलायची असेल तर जॅक विकत घेऊ नये. शेजाऱ्याचा न्यावा. काम झालं की आठवडाभर अंगणात आडवा पडू द्यावा. तेल गळून गेलं की परत करावा. माझा परवा असाच आला, चिखलासकट.

घ्यायचाच असेल तर तालुक्याच्या दुकानात जाऊन रंग पाहावा. लाल असला की मजबूत. गाडीचं वजन आरसीवर छापलेलं असतं, ते वाचायचं काही काम नाही. ‘किती टनाचा?’ असं विचारलं तर दुकानदाराला वाईट वाटते बाप्पा.

उंच बॉटल जॅकच (बाटलीसारखा उभा, तेलावर चालणारा) घ्या. टायर बसलं की तो गाडीखाली जातच नाही. कटकट मिटली.

गाडीसोबत आलेला सिझर (कात्रीसारखा उघडणारा) जॅक स्टेपनीजवळ गंजू द्यावा.

बहुतेक कारला जॅक लावायच्या खाचा दाराखालच्या पट्टीला असतात. तिकडे वाकून कोण पाहते? इंजिनाच्या ऑइल चेंबरखाली लावा.

जागा मात्र निवडून घ्यावी. आपली काळी माती, तीही पाऊस पडून गेल्यावरची. टॉमी, म्हणजे जॅकचा दांडा, मारत राहा. गाडी जागची हलत नाही, जॅकच पाताळात जातो. खाली जाड फळी टाकली तर वजन पसरते, पण फळी चुलीसाठी ठेवलेली! मग विटा लावाव्या. वीट फुटेपर्यंत तर टिकतेच की.

आणि आता मुख्य कला: जॅकच्या भरवशावर गाडीखाली झोपणे. माझाच जॅक, वर दीड टनाच्या पुढची बोलेरो, खाली हे शेजारी महाशय. मी म्हटलं, स्टँड लावा. तर म्हणतात, “काही होत नाही भाऊ!”

काही होत नाही? अरे, तो जॅक तेलाच्या दाबावर उभा आहे. आतलं सील गेलं की गाडी खाली येते, विचारून येत नाही. जॅक उचलायला असतो, धरायला स्टँड असतात. मागच्या चाकाला दगड नाही, हँडब्रेक नाही, नट गाडी वर चढवल्यावर ढिले करता, साऱ्या गाडीला हिसके बसतात. अन् टॉमी कोणाच्या हातात? आठ वर्षांच्या पोराच्या! त्यानं जॅक खाली उतरवायचा वाल्व फिरवला तर? त्याला जन्मभर काय सांगाल? सांगायला तरी उराल का? उठा आधी तिथून. पोराला घरात पाठवा.