दहा पराभवांचा होलिफिल्ड, शून्य पराभवांचा मार्सियानो

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा भाच्याने एक चित्र टाकलं. 'सर्वकाळचे दहा हेवीवेट', म्हणजे सर्वांत जड वजनगटातले बॉक्सर. पहिला टायसन, दुसरा मार्सियानो, तिसरा अली. इव्हँडर होलिफिल्ड दहांत नाहीच. भाचा बोटीवर असतो, ड्युटी संपली की मामाला डिवचणं हा त्याचा आवडता उद्योग, हे मला ठाऊक आहे. तरी मी उत्तर लिहिलं. मग त्याचं उत्तर, मग परत माझं. शेवटी ताईने "पुरे करा रे, सकाळपासून फोन वाजतोय" म्हणून दटावलं, म्हणून उरलेलं इथे लिहितोय. ज्यांना मारामारीचं वावडं आहे त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

माझी रीत साधी आहे. बॉक्सरच्या नावापुढे एकूण किती विजय आहेत ते मी बघतच नाही. ज्या दिवशी तो जिंकला त्या दिवशी समोरचा माणूस क्रमवारीत कितवा होता, एवढं बघतो. धिरयोवर, म्हणजे आमच्या गोव्यातल्या बैलांच्या झुंजींवर, कोर्टाने बंदी घातली ते बरंच झालं, पण फोंड्याच्या बाजारात भाजी-पाव खाताना जुनी माणसं धिरयोच्या गप्पा मारतात त्या ऐका. बैलाने किती लढती मारल्या, असं कोणीच विचारत नाही. "कोणाच्या बैलाला पळवलं?" हाच पहिला प्रश्न असतो. हेवीवेटला वेगळा न्याय का लावायचा?

क्रमवारी कुठली, हा पुढचा प्रश्न. 'द रिंग' हे मासिक नॅट फ्लायशर यांनी १९२२ साली काढलं आणि १९२४ पासून दर वर्षाची क्रमवारी छापायला सुरुवात केली. जवळजवळ शंभर वर्षांचा सलग हिशेब दुसरीकडे मिळत नाही, म्हणून मीही तोच धरतो. वहीत रकाने आखलेत: तारीख, समोरचा, त्याचा त्या वेळचा क्रमांक, निकाल.

आता मार्सियानो. ४९ लढती, ४९ विजय, त्यात ४३ नॉकआऊट. आकडा असा गुळगुळीत की कुठे बोट ठेवायला जागा नाही. पण सुरुवातीच्या बऱ्याच लढती प्रॉव्हिडन्सच्या स्थानिक रिंगणातल्या, नाव सांगावं असा माणूस क्वचितच समोर. ती भरती बाजूला काढली की हाताशी उरतात जो लुई, जर्सी जो वॉलकॉट, एझार्ड चार्ल्स, आर्ची मूर आणि रोलँड लास्टार्झा, रेक्स लेन यांच्यासारखे दोन-चार. यातला लुई १९५१ साली ३७ वर्षांचा होता. वॉलकॉट १९५२ साली ३८ चा, आणि तरीही तेराव्या राऊंडमध्ये तो उजवा ठोसा बसेपर्यंत तिन्ही जजच्या कागदावर वॉलकॉटच पुढे होता. एका ठोशाने वाचलेलं ते शून्य आहे. मूरही चाळिशीच्या आसपासचा. चार्ल्स तेवढा तिशीत, आणि त्याने पहिल्या लढतीत मार्सियानोला पुरे पंधरा राऊंड खेळवलं.

यात मार्सियानोचा काही दोष नाही. त्याच्या काळात जे अव्वल होते त्यांना तो सामोरा गेला, कोणाला टाळलं नाही. पण काळच विरळ होता. विरळ काळातला पहिला क्रमांक आणि दाट काळातला चौथा क्रमांक, यात मला विचाराल तर चौथा जड. नुसते क्रमांक मोजून बेरीज करणारे इथे फसतात.

होलिफिल्डचं खातं उघडा. १९९० साली बस्टर डग्लस, म्हणजे ज्याने टायसनला पाडलं तो, तिसऱ्या राऊंडला आडवा. मग फोरमन, मग होम्स. दोघेही ४२ चे, कबूल. पण हाच फोरमन १९९४ साली ४५ व्या वर्षी मायकल मूररला झोपवून पुन्हा विश्वविजेता झाला, तेव्हा त्याला म्हातारा म्हणून सोडून देता येत नाही. १९९५ ला रे मर्सर, ऑलिंपिक सुवर्णपदकवाला. १९९६ ला टायसन अकराव्या राऊंडला, आणि त्या लढतीआधी लोकांना काळजी होती ती होलिफिल्ड जिवंत घरी जाईल की नाही याची. १९९७ ला पुन्हा टायसन (टायसनने कान चावल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पुन्हा सांगत नाही), त्याच वर्षी मूररला पाच वेळा खाली पाडून आधीच्या पराभवाची परतफेड.

आणि या सगळ्यात मला सर्वांत मोठा वाटतो तो ६ नोव्हेंबर १९९३ चा विजय. रिडिक बोने वर्षभरापूर्वी होलिफिल्डला हरवून किताब घेतला होता. बो तरुण, उंच, वजनदार. लास व्हेगासला सीझर्स पॅलेसच्या उघड्या रिंगणात दुसरी लढत. सातव्या राऊंडमध्ये आकाशातून एक माणूस पाठीला पंखा लावलेल्या पॅराशूटने खाली आला आणि दोरांत अडकला! बोच्या माणसांनी त्याला धरून बडवला, बोच्या गरोदर बायकोला भोवळ आली, वीसेक मिनिटं सगळं ठप्प. थंडी पडलेली, दोघेही आपापल्या कोपऱ्यात अंगावर पांघरूण घेऊन बसलेले. एवढ्या वेळात अंगातला जोर उतरतो, लय जाते. होलिफिल्डने पुन्हा उठून सामना गुणांवर काढला. बो कारकिर्दीत एकदाच हरला, तो या रात्री. असा एक विजय माझ्या वहीत दहा स्थानिक नॉकआऊटच्या बरोबरीचा आहे.

होलिफिल्डचे पराभव दहा, हे भाचा तोंडावर फेकतो. बरोबर आहे. त्यातले सहा २००१ ते २००८ मधले, म्हणजे वयाची ३८ वर्षं उलटून गेल्यावरचे. आधीच निवृत्त झाला असता तर चार राहिले असते. मार्सियानो वेळेवर थांबला, होलिफिल्डला थांबता आलं नाही. थांबण्याचं शहाणपण मोठंच, पण रिंगणात काय केलं याच्या यादीत त्याचे मार्क मी कशाला देऊ?

किताबाची लढत जिंकली म्हणजे मोठ्याला हरवलं, असंही समजू नका. १९५७ साली फ्लॉइड पॅटरसनने ज्याच्याविरुद्ध जगज्जेतेपद राखलं तो पीट रेडमाकर आयुष्यातली पहिलीच व्यावसायिक लढत खेळत होता. ऑलिंपिकचं सुवर्ण होतं, पण व्यावसायिक अनुभव शून्य. तरी त्याने दुसऱ्या राऊंडला पॅटरसनला खाली बसवलं. आणि त्याच सुमारास सनी लिस्टन मात्र क्रमवारीतले एकेक जण मोडत निघाला होता: क्लीव्हलँड विल्यम्स दोनदा, निनो वाल्डेस, झोरा फॉली, एडी मॅकेन. किताब मिळायच्या आधीच त्याचं खातं भरलं होतं. संधी मिळाली १९६२ ला, तेव्हा पॅटरसन पहिल्या राऊंडच्या पुढे टिकला नाही. अलीने लिस्टनला हरवलं म्हणून लिस्टन आपल्या आठवणीत पडलेलाच राहिला. माझ्या दहांत त्याला जागा आहे.

लॅरी होम्सवर माझा जीव आहे, तरी त्याला पाचव्याच्या वर नेता येत नाही. ९ जून १९७८ ची केन नॉर्टनबरोबरची लढत काढून बघा. चौदा राऊंड झाले तेव्हा तिन्ही जजच्या कागदावर दोघे बरोबरीत. पंधराव्या राऊंडला दोघांनी बचाव सोडून दिला, तीन मिनिटं नुसते ठोसे. शेवटी दोन जजनी होम्सला १४३-१४२ दिलं, एकाने नॉर्टनला तेवढंच. अशी लढत जिंकणारा माणूस पुढे २० वेळा किताब राखतो. पण ग्रेग पेज आणि पिंकलन थॉमस त्याच्याच काळात वरच्या क्रमांकांवर होते, आणि त्यांच्याशी त्याची गाठ कधी पडलीच नाही. वहीत त्या जागा रिकाम्या आहेत.

क्रमवारी माणसंच करतात, हेही धरून चाला. १९७७ साली डॉन किंगने एबीसी टीव्हीसाठी अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धा भरवली. त्यासाठी 'रिंग'ने दिलेल्या नोंदींत न झालेल्या लढती घुसडलेल्या निघाल्या आणि स्पर्धाच गुंडाळावी लागली. डब्ल्यूबीओ या बॉक्सिंग संघटनेने तर कडी केली. डॅरिन मॉरिस नावाचा सुपर मिडलवेट बॉक्सर २००० साली वारला, आणि वारल्यावरही त्यांच्या यादीत वर सरकत राहिला. न लढता बढती! सरकारी खात्यात चिकटलेल्या मित्रांनी यावर कमेंट करू नये.

याहून वाईट म्हणजे ज्यांना रिंगणात येऊच दिलं नाही ते. १९२० च्या दशकात हॅरी विल्स हेवीवेटच्या अगदी वरच्या दावेदारांत होता. काळा होता. जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ विजेता, आणि एवढ्या काळात विल्सशी त्याची लढत झाली नाही. डेम्प्सीच्या खात्यातली ती रिकामी ओळ मी लाल शाईने लिहिलीय. विल्सच्या खात्यात काय लिहायचं?

क्लिच्को बंधूंचं वेगळंच. व्लादिमिर २००६ ते २०१५ अव्वल राहिला. बर्ड, पीटर, चगायेव, डेव्हिड हे, पोव्हेत्किन, पुलेव, एकामागून एक रांगेने काढले. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), जॅब, मिठी. बघताना झोप येते, खोटं कशाला बोलू. पण त्या काळात त्याच्या तोडीचा माणूस एकच, सख्खा भाऊ विताली, आणि एकमेकांशी लढणार नाही असा शब्द दोघांनी आईला दिलेला. तेवढा एक विजय दोघांच्याही खात्यात कधी येणार नव्हता. तरी लांबलचक रांगेच्या जोरावर व्लादिमिर माझ्याकडे सहावा आहे.

वरच्या दोघांबद्दल फार वाद नको. अली पहिला. लिस्टन, पॅटरसन, फॉली, क्वॅरी, फ्रेझर दोनदा, फोरमन, लाईल, नॉर्टन दोनदा, शेव्हर्स, आणि मधली साडेतीन वर्षं लढूच दिलं नाही तरी एवढं. जो लुई दुसरा. २५ वेळा किताब राखला, आणि पेपरवाल्यांनी 'महिन्याचा एक भुक्कड' म्हणून थट्टा केली त्या माणसांतले बरेच जण त्या वेळच्या क्रमवारीत होते. तिसरा लेनॉक्स लुईस. ज्या दोघांकडून हरला त्या मॅकॉल आणि रहमान दोघांनाही त्याने परत गाठून हरवलं, होलिफिल्डशी बरोबरी झाली तर पुढच्या लढतीत त्यालाही. कारकिर्दीत समोर आलेला एकही माणूस त्याने सोडला नाही. चौथा होलिफिल्ड.

टायसन सातवा, आणि त्याच्या टीकाकारांना हे जास्त वाटलं तरी चालेल. १९८६ ते १९८९ मध्ये बर्बिक, थॉमस, टकर, होम्स, टब्स, स्पिंक्स, ब्रुनो: तीन वर्षांत एवढी वरची माणसं पटापट काढणारा दुसरा दाखवा. स्पिंक्स अपराजित होता, ९१ सेकंद टिकला. पण स्वतःच्या पिढीतले दोन खरे मोठे, होलिफिल्ड आणि लुईस, यांच्यासमोर टायसनची पाटी कोरी. फोनवरच्या तीस सेकंदांच्या क्लिपमध्ये ते दिसत नाही.

राहिला उसिक. १९ मे २०२४ च्या पहाटे आमच्याकडे वीज गेलेली, घामाने निथळत मोबाईलवर मी रियाधची लढत बघत होतो. नवव्या राऊंडला उसिकने फ्युरीला एका बाजूच्या दोरांवरून दुसऱ्या बाजूला नुसता ढकलत, ठोकत नेला, शेवटी रेफरीला गणती करावी लागली. हेवीवेटमध्ये २०२५ पर्यंत उसिकच्या लढती आठ. त्यातल्या सहा तीनच माणसांशी: जोशुआ दोनदा, फ्युरी दोनदा, ड्युबॉ दोनदा. दुसरा विजय किती धरायचा? सहसा मी निम्मा धरतो, कारण एकदा मोडलेला माणूस पुन्हा मोडणं सोपं. पण ड्युबॉ २०२५ ला आला तो मधल्या काळात जोशुआला पाच राऊंडमध्ये उडवून, आयबीएफ या संघटनेचा विजेतेपदाचा बेल्ट घेऊन. तिथे दुसरा विजयच पहिल्यापेक्षा मोठा, म्हणून पुरा धरला. फ्युरीचाही पुरा.

मार्सियानोने ग्लोव्हज उतरवले तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. उसिक हेवीवेटमध्ये पहिल्यांदा उतरला तेव्हा तोही ३२ चाच. आठ लढतींतल्या सहांवर मी उसिकला आठवा धरतो, लिस्टनला नववा आणि ४९-० ला दहावा. भाच्याने जहाज बंदराला लागलं, चांगली रेंज मिळाली की सावकाश उत्तर द्यावं.