बादलीभर पाणी जिरले म्हणून जमीन शोषखड्ड्याला योग्य ठरत नाही

घर बांधायला काढलेल्या माझ्या धाकट्या बहिणीने परवा मला एक संदेश पाठवला आणि खाली लिहिले, ‘दादा, आपले काम सोपे झाले.’ संदेशाचे म्हणणे असे की, सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारे पाणी जमिनीत जिरवणाऱ्या शोषखड्ड्यासाठी माती तपासून घेणे म्हणजे पैशांची नासाडी. हातभर खड्डा खणून बादलीभर पाणी ओतावे, ते तासाभरात जिरले तर जमीन उत्तम, वाळू लागली तर त्याहून उत्तम, आणि जिवाणूंची पुडी टाकत राहिले की टाकी कधी उपसावी लागत नाही. हा संदेश तिला तिघांनी पाठवला होता, म्हणून तिला तो खराच वाटला.

या सगळ्यात बादलीचा सल्ला सर्वांत बिनबुडाचा आहे. कोरड्या दिवसांत चिकणमातीला भेगा पडलेल्या असतात, त्यामुळे ओतलेले पाणी मातीत न मुरता भेगांतून निसटून जाते. तीच माती रात्रभर भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच पाणी डबक्यासारखे तुंबून राहते. म्हणूनच रीतसर पाझर चाचणीत खड्डा आधी कित्येक तास, शक्यतो रात्रभर, भिजवून ठेवतात आणि मगच पाण्याची पातळी किती वेळात किती उतरते ते मोजतात. शिवाय बादलीतले पाणी स्वच्छ असते. टाकीतून येणाऱ्या सांडपाण्यामुळे मातीच्या तोंडाशी जिवाणूंचा काळपट, बुळबुळीत थर धरतो आणि पुढे पाणी किती वेगाने जिरायचे हे बव्हंशी तो थरच ठरवतो. पाणी जिरून पाहणे मुळात चूक नाही, एवढे मात्र मान्य करावे लागेल. नीट केलेली चाचणी अंदाज देते, पण तेवढ्यावर निर्णय घेता येत नाही.

वाळूविषयीचा सल्ला तर घातक आहे, कारण मातीने पाणी नुसते गडप करायचे नसून ते गाळून शुद्ध करायचे असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची घरगुती सांडपाणी व्यवस्थेवरील २००२ सालची मार्गदर्शिका सांगते की, बहुतेक रोगजंतू अडवले जाण्यासाठी पाणी जिरते त्या जागेखाली सुमारे ६० ते १२० सेंटिमीटर हवेशीर, पाण्याने न भरलेली माती लागते. भरड वाळूतून किंवा भेगाळलेल्या खडकातून पाणी इतक्या झपाट्याने उतरते की जंतू अडण्याआधीच भूजलात पोहोचू शकतात. बहिणीच्या आवारात पिण्याच्या पाण्याची विहीर आहे, आणि ते पाणी तिची लहान मुले पितात.

पुडीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मैल्यात जिवाणू मुळातच भरपूर असतात. पुडी टाकली तरी गाळ साचतोच आणि तो उपसावाच लागतो.

संदेशात भूजलाच्या पातळीचा उल्लेखही नाही. ती पावसाळ्यात कुठवर चढते, हे कोरड्या दिवसांतही मातीच्या रंगावरून बऱ्याच अंशी कळते. माती दीर्घकाळ पाण्याखाली राहिली की तिच्यातले लोह विरघळून सरकते, म्हणून राखाडी मातीत तांबूस-नारिंगी ठिपके उमटतात. मी बहिणीला माणूसभर खोल चर खणायला लावला आणि एका बाजूची माती सुरीने तासून पाहिली. वरची माती एकसारखी तपकिरी होती, पण सत्तर सेंटिमीटरच्या खाली राखाडी मातीत नारिंगी ठिपके स्पष्ट दिसत होते. चर पूर्ण कोरडा होता. तिच्या शोषखड्ड्याचा तळ मात्र दीड मीटरवर आखलेला होता.