ती ‘त्या काळचे फोटो’ नव्हेत

17व्या शतकातल्या डच शहरांच्या रस्त्यांची चित्रं दाखवून एक मजकूर सतत फिरत असतो: तेव्हा कॅमेरा नव्हता, म्हणून चित्रकारांनी रस्त्यावर उभं राहून दिसलं ते जसंच्या तसं उतरवलं, शहरं श्रीमंत, म्हणून सगळं इतकं लख्ख. हे कौतुकानं लिहिलेलं असतं, पण त्यात चित्रकाराचं निम्मं काम पुसून जातं. मला ते सहन होत नाही.

‘जसंच्या तसं’ म्हणता? पीटर द होख या डच चित्रकारानं 1658 मध्ये रंगवलेलं डेल्फ्ट शहरातलं अंगण लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात विटांची कमान आणि तिच्यावर कोरीव दगडी पाटी. तीच कमान, तीच पाटी त्याच्या दुसऱ्या एका चित्रातही आहे, पण आजूबाजूचं अंगण निराळं! पाटी खरी होती, एका जुन्या मठाच्या दारावरची. भोवतालची जागा त्यानं रचली. त्याच काळातल्या बेर्कहेड या चित्रकारानंही ॲमस्टरडॅमच्या हेरेनग्राख्ट कालव्याकाठचे नवे वाडे रंगवताना काठावरची झाडं गाळली, म्हणून वाडे अख्खे दिसतात.

‘श्रीमंत म्हणून लख्ख’ हे तर डेल्फ्टच्याच व्हर्मीर या चित्रकाराचं ‘छोटी गल्ली’ हे चित्र नीट न पाहता लिहिलेलं आहे. चित्र जेमतेम 54 सेंटिमीटर उंच. जवळ जाऊन पाहा: विटांच्या भिंतीला तडे गेलेत, ते लिंपलेत, खाली चुन्याचा हात फिरवलाय. दारात एक बाई शिवत बसलीय, दोन मुलं फरशीवर खेळात गढलीत. 2015 मध्ये एका डच संशोधकानं जुन्या करवहीच्या आधारे हे घर डेल्फ्टमधल्या व्लामिंगस्त्राट या रस्त्यावरचं असल्याचं मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण ते खरं असेल, तर इथे व्हर्मीरची विधवा आत्या राहायची, वजडी विकून पाच मुलांना वाढवायची. शेजारच्या बोळाचं नावच वजडीवरून पडलं होतं.

त्या वजडीचा चित्रात मागमूस नाही. बोळाच्या तोंडाशी व्हर्मीरनं आधी एक बसलेली बाई घेतली होती, तीही नंतर रंगाखाली झाकली. त्यामुळे आता बोळ मोकळा आहे आणि नजर सरळ आत, कामात वाकलेल्या मोलकरणीपर्यंत जाते.