नातवंडं सांभाळणाऱ्यांच्या हाती कागद हवा

गावाकडे फोन केला की सध्या एकच वाद कानावर येतो. अमळनेर तालुक्यातल्या, आमच्या ओळखीच्या घरातली मुलगी वारली, जावयानं सुरतेत दुसरा संसार मांडला आणि नातू तान्हा असल्यापासून आजी-आजोबांकडे वाढतोय. आता त्यांनी त्याच्या पालकत्वासाठी न्यायालयात अर्ज केलाय. गाव म्हणतं, ‘रक्ताच्या नात्यात वकील कशाला? बाप जिवंत आहे ना!’

मी त्या म्हाताऱ्यांच्या बाजूनं आहे. बाप जिवंत आहे, खरी अडचण तिथेच आहे. पोराच्या जातीच्या दाखल्याला बापाकडची कागदपत्रं लागतात, दवाखान्यात ऑपरेशनआधी पालकाची सही लागते. १९५६ च्या कायद्यानं हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक बाप, त्याच्यानंतर आई. आजी-आजोबांचं त्यात नावच नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करता येतो. पण त्याचं कलम १९ म्हणतं की आई किंवा बाप हयात असेल आणि न्यायालयाला अपात्र वाटत नसेल, तर दुसरा पालक नेमायचा नाही. म्हणजे नातवाला जवळ ठेवायचं तर त्याच्याच बापाविरुद्ध लिहून द्यायचं. किती क्रूर आहे हे! न्यायालयं मुलाचं हित सर्वांत वर मानतात, हा मोठा आधार. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कोविडमध्ये पोरक्या झालेल्या मुलाचा ताबा मावशीऐवजी वडिलांच्या आई-वडिलांना दिला, वयाकडे बोट न दाखवता. पण तिथे दोन्ही पालक गेलेले होते.

मी राहतो त्या इंग्लंडमध्ये २००५ च्या अखेरीपासून विशेष पालकत्वाचा आदेश मिळतो. आई-बाप कायद्यानं आई-बापच राहतात, पण शाळा-दवाखान्याचे रोजचे निर्णय आजीच्या हाती येतात. मूल वर्षभर तिच्याकडे राहिलेलं असेल, तर अर्जासाठी आधी न्यायालयाची परवानगीही लागत नाही. मात्र आदेश मिळण्याआधी सरकारी माणसं घरात येऊन आजारपण, पैसा, जुनी भांडणं सगळं विचारतात. आमच्याकडच्या आजीला ते सोसणार नाही. शिवाय तिच्या नातवाला शेजारीण हक्कानं जेवू घालते. इथे इंग्लंडात ते सुख नाही. ती सगळी यंत्रणा आपल्याला नको, पण मधल्या वाटेचा तो आदेश हवाच.

चाळीसगावाकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरंही हंगामभर आजीकडेच असतात. त्या आई-बापांशी कुणाचंच भांडण नाही, त्यांना अपात्र ठरवायचा प्रश्नच येत नाही. तरी सहीची अडचण तीच.

अमळनेरच्या त्या घराला ‘अर्ज मागे घ्या’ म्हणणाऱ्या पाहुण्यांनी आधी सुरतेला जावं आणि जावयाकडून लेखी संमती आणावी. ती न्यायालयात दाखल झाली, तर त्याच्याविरुद्ध एक ओळही लिहायची वेळ बहुधा येणार नाही.